अक्षर बारीक झालं तेव्हा

धाकट्या भावाचं अक्षर मोत्यासारखं. बारावीच्या वर्षी ते बारीक होत होत मुंग्यांच्या रांगेसारखं झालं. मी ओरडले, तर त्यानं वही भिंतीवर भिरकावली. तोवर त्याचा चढा आवाजसुद्धा आम्ही ऐकला नव्हता. मग कारण नसताना हसणं, मध्येच रडणं, एकदा तर आईवर हात उगारणं. कुणी म्हणालं प्रेमभंग, कुणी म्हणालं मोबाईल. मावशीनं दृष्ट काढली. मी घरातली शहाणी, मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं.

नेलं ते चुकलं नाही, सांगायचं चुकलं. "शरीराची काही तक्रार?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी "काही नाही" म्हणाले. उशीवर लाळेचे डाग पडत होते, चहाचा कप बशीत वाजायचा. सहावीत त्याला कावीळ झाली होती आणि गावात चुन्याच्या पाण्यानं हात धुऊन ती 'उतरवली' होती. यातलं काहीच मला सांगण्यासारखं वाटलं नाही.

गोळ्यांनी राग निवला, पण अंग लाकडासारखं ताठलं. औषधानं होत असेल म्हणून आम्ही आठ महिने काढले. जीभ अडखळायला लागली तेव्हा मेंदूविकारतज्ज्ञांनी त्याला नेत्रतज्ज्ञांच्या स्लिट लॅम्पसमोर बसवलं. बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडं होतं. तांबं. विल्सनचा आजार.

लंडनमध्ये काम करणाऱ्या किनिअर विल्सन या डॉक्टरांनी १९१२ साली याचं वर्णन केलं. अन्नातलं जास्तीचं तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. एटीपी७बी या जनुकात दोष असला की ते यकृतात साठतं, मग मेंदूत आणि डोळ्यांत उतरतं. सहावीतली कावीळ आणि बारावीतला राग एकाच धाग्यावरचे निघाले. हा दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो. आमचे आईबाबा आतेमामे भावंडं.

तरुण मुलाचा स्वभाव पालटला आणि सोबत अक्षर, बोलणं किंवा चालणंही बदललं, तर डॉक्टर विचारतील याची वाट पाहू नका. जुनी आणि नवी अशा दोन वह्या घेऊन जा. जुनी कावीळ सांगा. रक्तातलं सेरुलोप्लाझमिन, २४ तासांच्या लघवीतलं तांबं आणि डोळे तपासतात. यातली एखादी तपासणी नॉर्मल आली म्हणून विषय तिथेच सोडू नका. आणि मनाच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका, मात्र अंग ताठलं तर त्याच दिवशी कळवा.

यावरचं औषध, पेनिसिलामाइन, हळूहळू वाढवत नेतात. तरीही सुरुवातीला भावाचा कंप वाढला आणि आम्ही घाबरलो. खरा घोळ पुढे, दोन वर्षांनी झाला. "बरा झालोय की मी," म्हणून त्यानं गोळ्या ड्रॉवरमध्ये टाकल्या. आईच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. हे औषध जन्मभराचं. अचानक सोडलं तर यकृत निकामी होऊ शकतं.

कलेजी, खेकडे, तिसऱ्या, काजू, चॉकलेट, मश्रूम बंद झालं. आणि तांब्याचा हंडा. बाबा मोठ्या हौसेनं रोज पहाटे आम्हाला त्यातलं पाणी पाजायचे. आजार हंड्यानं झाला नाही, हे डॉक्टरांनी बाबांना तीनदा समजावलं. बाबांना अजून पटलेलं नाही. हंडा माळ्यावर आहे, मोडीत काढायला ते देत नाहीत.

अशा घरात सख्ख्या भावंडांची तपासणी ताबडतोब व्हायला हवी, कारण प्रत्येकाला चारात एक इतका धोका असतो. मला काहीच होत नव्हतं, म्हणून मी सहा महिने टाळलं. अहवाल त्याच्यासारखाच आला. मला डॉक्टरांनी झिंक दिलं.

आता सकाळी सहाला दोघांचे गजर एकदम वाजतात, कारण खाण्याआधी तासभर गोळी पोटात जावी लागते. त्याचं अक्षर पहिल्यासारखं झालेलं नाही. पण वाण्याची यादी तोच लिहितो, आणि वाण्याला ती वाचता येते.