फोन घरी, वही खिशात

वॉलॉंगॉंग आणि आसपास राहून लिहिणाऱ्या, गाणाऱ्या, चित्रे काढणाऱ्या, नाटक बसवणाऱ्या मराठी मंडळींसाठी.

काय करावे

- सकाळी आधी आपले काम करा, मग फोन उघडा. भारतात पहाटेचे 6 वाजतात तेव्हा इथे साडेदहा, उन्हाळ्यात साडेअकरा. तोवर तिकडचे गट शांत असतात.
- रात्री 10 नंतर फोन स्वयंपाकघरात ठेवा आणि उठायला साधे गजराचे घड्याळ घ्या.
- आई-वडिलांसारख्या दोन-तीन नंबरांनाच रात्री वाजण्याची मुभा द्या. त्यांचा फोन चुकेल ही धास्ती गेली की झोप लागते.
- दिवाळी अंकाच्या संपादकांना वेळेतला फरक आधीच कळवा: एरवी साडेचार तास, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेपाच.
- पहिला खर्डा हाताने लिहा. कागदावर खोडलेलेही डोळ्यांसमोर राहते.
- तानपुरा ॲपवर रियाज करत असाल तर आधी फोन विमान मोडवर टाका.
- युनिटमध्ये राहत असाल तर रियाजाची वेळ शेजाऱ्यांना सांगून ठेवा. दबून गायले तर सूर लागत नाही.
- सलग वेळ मागून घ्या. डी. एच. लॉरेन्स यांनी 1922 मध्ये थिरूलच्या घरात काही आठवड्यांत ‘कांगारू’चा बहुतेक भाग लिहिला, तुम्हाला शनिवारचे तीन तास तरी हवेतच.
- दिवसातून एकदा पायी निघा: बेलमोर बेसिनवरच्या 1871 च्या दीपगृहापासून ब्लू माइलने नॉर्थ बीचपर्यंत, फोनशिवाय.
- वाटेत एकच गोष्ट नीट पाहा आणि घरी आल्यावर तिच्यावर चार ओळी लिहा किंवा तिचे रेखाटन करा.
- जूनमध्ये जेवणाच्या सुट्टीतच बाहेर पडा. संध्याकाळी पाचला सूर्य गेलेला असतो.
- रेखाटनाला कीराविलच्या बोटॅनिक गार्डनमध्ये किंवा शहराच्या आर्ट गॅलरीत जा. दोन्हीकडे प्रवेशाचे पैसे पडत नाहीत.
- सी क्लिफ ब्रिज गाडीतून पाहिला असेल तर आता पायी ओलांडा. 665 मीटर, पायवाट समुद्राच्या बाजूने.
- सिडनीला जाताना आगगाडीत उजव्या खिडकीशी बसा; थिरूलच्या पुढे समुद्र दिसतो, तेवढा वेळ तरी फोन बॅगेत राहू द्या.
- ध्यान शिकायचे असल्यास बर्कलीच्या नान तिएन मंदिरात प्रत्यक्ष जा. ॲप तुम्हाला पुन्हा पडद्याशीच आणून बसवते.
- महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून एकमेकांचे वाचा, ऐका.
- दोन आठवडे झोप, भूक, कामाची ओढ परतली नाही तर जीपीकडे जा. मेडिकेअर असल्यास मानसिक आरोग्य उपचार योजनेत वर्षाला 10 सत्रांपर्यंतच्या खर्चाचा वाटा सरकार उचलते.
- विद्यार्थी असाल तर विद्यापीठाच्या समुपदेशकांकडे जा. तुमच्यासाठीच ते आहेत.
- लाइफलाइनचा 13 11 14 हा नंबर फ्रिजवर लिहून ठेवा, तो दिवसरात्र चालू असतो. जिवावर बेतले असेल तर थेट 000. इंग्रजीत मन मोकळे होत नसेल तर 131 450 वर दुभाषा मागा.

काय टाळावे

- अर्धवट काम समाजमाध्यमांवर टाकू नका. वाहवा मिळाली की पूर्ण करण्याची ओढ ओसरते.
- टाकल्यावर लाइक मोजायला परत येऊ नका.
- मध्यरात्री प्रतिक्रिया वाचू नका. भारतात रात्रीचे साडेआठ म्हणजे इथे एक किंवा दोन, आणि त्या वेळी साधी टीकाही जिव्हारी लागते.
- पुण्या-मुंबईच्या मित्रांच्या प्रकाशन समारंभांचे फोटो पाहून स्वतःचे मोजमाप करू नका.
- गणपतीपासून दिवाळीपर्यंत प्रत्येक बॅनर, प्रत्येक सूत्रसंचालन अंगावर घेऊ नका. एका कार्यक्रमाला मनापासून हो म्हणा, बाकीच्यांना प्रेमाने नाही सांगा.
- प्रत्येक रियाज रेकॉर्ड करू नका. गळा चुकायलाच घाबरू लागतो.
- सुचत नाही म्हणून रील चाळू नका. तो रिकामा वेळ काही सुचण्यासाठीच लागतो.
- लिहिलेले लगेच एआयकडून सुधारून घेऊ नका. आधी दोनदा मोठ्याने वाचा.
- नोकरीचे ईमेल घरी उघडू नका. वेळेबाहेर उत्तर न देण्याचा हक्क 26 ऑगस्ट 2024 पासून कायद्याने आहे, 15 पेक्षा कमी माणसांच्या आस्थापनांत वर्षभराने लागू झाला. स्वतंत्र काम करणाऱ्यांना तो मिळत नाही. त्यांनी आपली वेळ स्वतः ठरवावी आणि ग्राहकांना लेखी कळवावी.
- फोटोसाठी खडकावर समुद्राकडे पाठ करून उभे राहू नका. हा नियम मोडण्याचे एकही चांगले कारण नाही.
- लाल-पिवळ्या झेंड्यांबाहेर पोहू नका, मन कितीही भरून आले असले तरी.
- वसंतात, विशेषतः सप्टेंबरमध्ये, कानात इअरफोन घालून झाडांखालून चालू नका. पिल्ले राखणारे मॅगपाय डोक्यावर झेपावतात.
- जागून लिहिल्याचा अभिमान बाळगू नका.
- दुःखातूनच चांगले लिहून होते असे समजून उपचार लांबवू नका.
- चालू औषध लेखन आटल्यासारखे वाटले म्हणून स्वतःहून बंद करू नका. तेच डॉक्टरांना सांगा, मात्रा बदलता येते.