नागपूरचे ऐक्य

जयपूर शहराचा ख्रिस्ती धर्माशी जुना संबंध आला तो ज्योतिषशास्त्राच्या वाटेने. सवाई जयसिंहाने १७२७ साली हे नगर वसवले. ग्रहगणिताची युरोपीय कोष्टके मिळावीत म्हणून त्याने पोर्तुगालच्या राजाकडे जे शिष्टमंडळ धाडले त्यात मान्युएल द फिगेरेदो हा जेझुइट पाद्री होता. रोमन कॅथलिकांचे हे आगमन राजाच्या जिज्ञासेमुळे झाले. शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, १८६६ साली, डॉ. कॉलिन व्हॅलेंटाइन हे स्कॉटलंडचे वैद्यकीय मिशनरी जयपुरास आले व दरबाराच्या विश्वासास पात्र ठरले. त्यांचे मिशन प्रेसबिटेरियन होते. राजपुतान्यातील त्याचे कार्य १८६० साली ब्यावर येथे सुरू झाले होते. याशिवाय इंग्रज अधिकाऱ्यांची उपासना अँग्लिकन पद्धतीची. तिच्यावर देखरेख बिशपची, आणि त्या बिशपची गादी होती नागपुरास. विसाव्या शतकाच्या आरंभी स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांताचा विस्तार मध्यप्रांतापासून राजपुतान्यापर्यंत होता.

अशा रीतीने एका संस्थानी राजधानीत ख्रिस्ती धर्माची तीन निरनिराळी घरे उभी राहिली. अँग्लिकन मंडळी बिशपची परंपरा प्रेषितांच्या काळापासून अखंड चालत आल्याचे मानीत. प्रेसबिटेरियन मंडळी पाळक व निवडलेले वडील यांच्या सभेकडे सत्ता सोपवीत आणि बिशप नावाचा वेगळा दर्जा त्यांना मान्य नसे. सतराव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये या प्रश्नावर युद्धे झाली होती. जयपूरच्या किंवा ब्यावरच्या नवख्या ख्रिस्ती कुटुंबाला त्या युद्धांशी काय कर्तव्य होते? तथापि ती भांडणे वारशासारखी त्याच्या पदरात पडली.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हिंदुस्थानातील बहुतेक प्रॉटेस्टंट ख्रिस्ती विशिष्ट पंथाचे झाले ते मतपरिवर्तनामुळे नव्हे, तर जिल्ह्याच्या नकाशामुळे. एकमेकांच्या क्षेत्रात शिरू नये असा संकेत मिशनांनी आपसांत पाळला होता. म्हणून अहमदनगरचा मराठी ख्रिस्ती काँग्रिगेशनल, कारण तेथे १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन आले. नागपूरचा प्रेसबिटेरियन, कारण तेथे स्टीफन हिस्लॉप आले. डहाणूचा ब्रेदरन, कारण तेथे अमेरिकेतील ब्रेदरन पंथाचे लोक उतरले. आपल्याकडे वारकरी किंवा महानुभाव पंथात माणूस शिरतो तेव्हा निदान माळ घालतो, दीक्षा घेतो. काही निवड करतो. इथे निवडीला वावच नव्हता. ‘पंथ’ हा मराठी शब्द या प्रकाराला वापरताना म्हणूनच थोडा संकोच वाटतो, पण दुसरा चांगला शब्द आपल्यापाशी नाही.

हा संकेत जेथे मोडला तेथे विभागणीचे दुखणे उघड झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अँग्लिकनांची एस. पी. जी. ही संस्था अहमदनगर जिल्ह्यात आली. तेथे अमेरिकन मिशनचे काम आधीपासून चालू होते. एका मिशनवर रुसलेला दुसऱ्याकडे जाई. ज्यांची सोयरीक एक, भाषा एक, दारिद्र्यही एक, ते रविवारी दोन दिशांना जाऊ लागले. बाहेरच्या समाजाला यातून काय बोध होत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

ऐक्याची मागणी म्हणूनच प्रथम भारतीय ख्रिस्ती लोकांकडून जोरात आली. १९१० च्या एडिंबरो परिषदेत व्ही. एस. अझारिया यांनी मिशनऱ्यांच्या वडीलकीच्या वागण्यावर बोट ठेवले व मैत्रीची मागणी केली. पुढे १९१२ साली ते पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले. १९१९ च्या मे महिन्यात तरंगमबाडी येथे जमलेल्या पाळकांनी, ज्यांत बहुसंख्य भारतीय होते, आपल्यातील भेद बाहेरून लादलेले आहेत असे स्पष्ट म्हटले. महाराष्ट्रात नारायण वामन टिळक त्याहून पुढे गेले होते. १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त येऊ शकत. १९१९ मध्ये टिळक निवर्तले. पुढे घडले ते संस्थांचे एकीकरण; टिळकांना हवा होता तो भक्तांचा मेळा. या दोहोंतील अंतर विसरू नये.

संस्थांच्या एकीकरणाचा पहिला टप्पा समानधर्मी पंथांचा होता. १९२४ साली प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र येऊन ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ अस्तित्वात आली. अहमदनगर व राजपुताना एका छत्राखाली आले. १९२९ पासून अधिक व्यापक ऐक्याची बोलणी सुरू झाली, आणि ती तब्बल एकेचाळीस वर्षे चालली.

इतका वेळ का लागला? देव, ख्रिस्त, पवित्र शास्त्र यांविषयी फारसा वाद नव्हता. वाद होता तो पाळकाच्या डोक्यावर कोणी हात ठेवले याचा. अँग्लिकन दृष्टीने बिशपच्या हस्तार्पणाविना झालेली दीक्षा अपुरी. मग तीस वर्षे सेवा केलेल्या प्रेसबिटेरियन पाळकाने पुन्हा दीक्षा घ्यावी काय? घेतली तर आजवरचे त्याने दिलेले प्रभुभोजन खोटे ठरते. न घेतली तर अँग्लिकनांची परंपरा खोटी ठरते. दक्षिणेत हा पेच काळावर सोपवण्यात आला. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रास येथे ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ स्थापन झाले तेव्हा जुने सर्व पाळक आहेत तसे स्वीकारले गेले आणि यापुढची दीक्षा मात्र बिशपच देतील असे ठरले. एक पिढी सरली की प्रश्न आपोआप मिटावा, हा हिशेब. परंतु त्यामुळे जगभरच्या अँग्लिकनांपैकी अनेकांनी या नव्या चर्चशी पूर्ण संबंध ठेवण्यास दीर्घकाळ नकार दिला.

उत्तरेने वेगळा मार्ग काढला. आरंभीच सर्व पंथांच्या पाळकांनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवावेत व प्रार्थना करावी, की ज्याच्या सेवेत जे काही उणे असेल ते देवाने आपल्या इच्छेप्रमाणे पुरे करावे. कोणात काय उणे आहे हे कोणीच उच्चारायचे नाही. अँग्लिकनाला यात दीक्षा दिसावी, प्रेसबिटेरियनाला केवळ परस्परांचा स्वीकार. ही शब्दयोजना जाणूनबुजून धूसर ठेवलेली होती. टीकाकारांनी तिला चलाखी म्हटले. मला ती चलाखी वाटत नाही. जेथे दोन्ही बाजूंना खाली मान घालायला लावता येत नाही तेथे दोघांनीही एकाच वेळी गुडघे टेकावेत, हा उपाय आपल्या घरगुती तंट्यांतही अनेकदा उपयोगी पडला आहे.

बाप्तिस्म्याचा प्रश्न मात्र धूसर शब्दांनी सुटणारा नव्हता. बॅप्टिस्ट, ब्रेदरन व डिसायपल्स हे पंथ समजत्या वयात विश्वास प्रकट करणाऱ्यालाच बाप्तिस्मा देतात. ब्रेदरन तर तीन वेळा पाण्यात बुडवून देतात. इतर पंथ तान्ह्या बाळाला देतात. नव्या योजनेने दोन्ही प्रथा समान मानल्या; आईबापांनी निवड करावी. अडचण उरे ती अशी: ज्याला बाळपणी बाप्तिस्मा मिळाला आहे त्याने मोठेपणी मनोभावे पुन्हा मागितला तर? एका पंथाच्या दृष्टीने तो पहिलाच, दुसऱ्याच्या दृष्टीने दुसरा. आणि दुसरा बाप्तिस्मा ही कल्पनाच त्यांना असह्य. अशी प्रकरणे स्थानिक पाळकाने परस्पर न मिटवता बिशपकडे न्यावीत, यापलीकडे सर्वांना पटेल असे उत्तर कोणालाच सापडले नाही.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात सहा मंडळ्यांचे मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले. अँग्लिकन, युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स, आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेतील मेथडिस्ट, अशा या सहा मंडळ्या. जयपूरचे अँग्लिकन आणि स्कॉटिश मिशनचे वारस आता एकाच धर्मप्रांतात आले. एक मोठी जागा मात्र रिकामी राहिली. अमेरिकन परंपरेतील मेथडिस्टांनी इतकी वर्षे चर्चेत भाग घेऊन १९७० सालीच ऐन वेळी माघार घेतली. विशेष म्हणजे त्याच महिन्याच्या १ तारखेस स्थापन झालेल्या ‘चर्च ऑफ पाकिस्तान’मध्ये तिकडचे त्यांचे बांधव सामील झाले होते. रोमन कॅथलिक या योजनेत कधीच नव्हते, जरी १९६४ साली व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती ऐक्यावर स्वतंत्र आदेश काढून संवादाचे दार उघडले होते. मराठीपुरते सांगायचे तर, वसईचा कॅथलिक ‘मिस्सा’ला जातो आणि नगरचा ख्रिस्ती ‘उपासने’ला, ही शब्दांची सीमा अजून कायम आहे.

नागपूरच्या ऐक्याची कठोर परीक्षा पुढे उपासनेत नव्हे, न्यायालयात झाली. गुजरातेतील ‘फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रेदरन’ने १९७० साली विलीनीकरणाचा ठराव केला होता, परंतु तिच्यातील काही सभासदांना तो मान्य नव्हता. मंदिरे, शाळा, जमिनी कोणाच्या, हा दावा दशकानुदशके चालला. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने विश्वस्त मालमत्तेचे असे प्रश्न मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालील अधिकाऱ्यांपुढेच गेले पाहिजेत, दिवाणी न्यायालयात नव्हे, असे ठरवले. आणि २०१३ साली त्याच न्यायालयाने निर्णय दिला की नोंदणीकृत संस्था केवळ ठराव करून दुसरीत विलीन होत नाही. तिचे विसर्जन कायद्याने सांगितलेल्या रीतीनेच व्हावे लागते. ते झालेले नव्हते. त्यामुळे ती जुनी संस्था व तिचा विश्वस्त निधी कायद्याच्या दृष्टीने कायमच होते. एकेचाळीस वर्षे हस्तार्पणाच्या एकेका शब्दावर खल करणाऱ्यांनी नोंदणी कचेरीतील कागदांकडे तितकेसे लक्ष दिले नव्हते.