पेशंटजवळ तू थांबणार आहेस ना?

सुमे, तुझ्या सासूबाईंना, आत्याबाईंना, मिरजेला हलवायचं ठरलं हे फार बरं झालं. खुब्याचं हाड मोडलेलं, वय पंचाहत्तरीच्या पुढचं. तालुक्याच्या गावी वजनं लावून झोपवून ठेवण्यात काही अर्थ नव्हता. मिरज तशी दवाखान्यांचीच. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथं मिशनचं हॉस्पिटल काढलं आणि तेव्हापासून जत-आटपाडीपासून पार विजापूर-बेळगावपर्यंतची माणसं पेशंटला घेऊन मिरजेचीच वाट धरतात. डॉक्टर मिळतील, मशिनं मिळतील, त्याची मला काळजी नाही. काळजी वाटली ती तुझ्या बोलण्याची. "ताई, मी काय, नुसती जवळ थांबणार," म्हणालीस.

अगं, नुसती थांबणारी बाईच तिथं सगळ्यात महत्त्वाची असते. बघ ना, सिस्टरांच्या तीन पाळ्या. सकाळची सिस्टर रात्री नसते. मोठे डॉक्टर राऊंडला येतात, चार-पाच मिनिटं थांबतात, पुढच्या खाटेकडे जातात. शिकाऊ डॉक्टरांच्या ड्युट्या बदलतात. भूल देणारे डॉक्टर ऑपरेशनच्या आधी एकदा तपासून जातात. वॉर्डातल्या मामा-मावशींचीही बदली होते. प्रत्येकाला आत्याबाईंचं थोडं थोडं ठाऊक असतं. काल किती खाल्लं, रात्री कशा झोपल्या, कुठल्या गोळीनं मळमळलं, हे सगळं सलग पाहिलेलं माणूस अख्ख्या इमारतीत एकच, तू. तेव्हा तुझं काम ठरलं: लक्षात ठेवायचं आणि वेळच्या वेळी योग्य माणसाला सांगायचं. बाकीचं सगळं त्याच्या मागून.

आता पहिली गोष्ट, औषधं. आत्याबाईंच्या डब्यातल्या, फडताळातल्या, देव्हाऱ्यामागे सरकवलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट एका पिशवीत घाल. आयुर्वेदिक चूर्णं आणि शेजारणीनं दिलेलं गुडघ्याचं औषधसुद्धा. आबांच्या ऑपरेशनच्या वेळचं सांगते. रात्री उशिरा एक तरुण डॉक्टर आली, डोळे तांबारलेले, कधीची उभी होती कोण जाणे. "आजोबांना काय काय चालू आहे?" तिनं विचारलं. दादा म्हणाला, "बीपीची एक, आणि ती छोटी गुलाबी." तिनं पेन तसंच हवेत धरलं. मी पिशवी खाटेवर पालथी केली. तिनं एकेक पाकीट उजेडाकडे धरून मागचं नाव वाचलं आणि एकापाशी थांबली. रक्त पातळ करणारी गोळी होती. तिथूनच तिनं वरिष्ठांना फोन लावला. भूल कुठली द्यायची, ऑपरेशन कधी घ्यायचं, हा सगळा बेत त्या एका पाकिटावरून बदलला. 'छोटी गुलाबी' म्हटल्यावर कुणाला काय कळणार?

पिशवीबरोबर एक वही ठेव. डायरी वगैरे नको, शाळेची साधी वही. तारीख, कोण डॉक्टर आले, काय म्हणाले, कुठली तपासणी झाली, रिपोर्ट कधी येणार. कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात. राऊंडच्या आधी दोनच प्रश्न लिहून तयार ठेव. डॉक्टर आले की बायका बाजूला सरतात आणि पुरुष पुढं होऊन "काही काळजीचं नाही ना साहेब?" विचारतात. साहेब म्हणतात, "नाही." झालं, संपला राऊंड. तू सरळ म्हण, "डॉक्टर, दोन गोष्टी विचारायच्यात." आज काय करणार आहात? आणि मी कशाकडे लक्ष ठेवू? या दुसऱ्या प्रश्नावर डॉक्टर थांबतात, असा माझा अनुभव आहे. समोरची बाई मदत करणार आहे, हे त्यांना लगेच कळतं.

खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये ऑपरेशन होईल तितकं लवकर, शक्यतो पहिल्या दोनेक दिवसांत करावं, असं हाडांचे डॉक्टर मानतात. म्हातारं माणूस पडून राहिलं की छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती असते. उशीर होत असेल तर कारण विचार. साखर वाढलेली असेल, हृदयाची तपासणी राहिली असेल, कारण रास्तही असू शकतं, पण ते तुला माहीत हवं. आणि उपाशी ठेवायला सांगितलं की उपाशीच. "घोटभर चहानं काय होतंय" म्हणून नणंद कपबशी पुढं करेल. करू देऊ नकोस. भुलेत पोटातलं वर आलं तर फुप्फुसात जातं.

कूस बदलायला मावशी येईल तेव्हा बाहेर जाऊ नकोस, तिचे हात बघ. मुरलेली मावशी चादर ओढत नाही. अर्धी चादर लांबीत गुंडाळून पाठीशी सारते, दोन्ही पायांच्या मध्ये उशी घालते, पेशंटला स्वतःकडे वळवते आणि पलीकडून गुंडाळी सोडवून घेते. ओरडणाऱ्या बाईला तोंडानं सतत काहीतरी सांगत असते. हे शिकून घे, घरी तुलाच करायचंय. दर दोन तासांनी कूस किंवा निदान दाब बदलायचा, टाचा आणि माकडहाडाजवळची कातडी लाल होतेय का पाहायचं. कुठल्या कुशीवर वळवायचं ते मात्र सिस्टरला विचारून. आणि त्या मावशीला नावानं हाक मार. "ओ मावशी" दिवसभर सगळेच म्हणतात.

आता जे कुणी सांगत नाही ते सांगते. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री आत्याबाई कदाचित भलतंच बोलायला लागतील. हात झटकतील, सलाईनची नळी ओढतील, तुला ओळखणार नाहीत, मेलेल्या माणसांना हाका मारतील. तुमच्या घरात त्या घाबरल्या की कानडीवर येतात, तशा तिथंही येतील, आणि रात्रीच्या सिस्टरला वाटेल की बाई बरळतेय. घाबरू नकोस आणि "वेड लागलं" म्हणून रडू नकोस. म्हाताऱ्या माणसांना आजारपणात, ऑपरेशननंतर असा गोंधळ होतो. जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, वेदना, तुंबलेली लघवी, एखादं औषध, कशानंही होतं. म्हणून लगेच सिस्टरला सांग. शब्द असे वापर: "काल दुपारपर्यंत नीट बोलत होत्या, संध्याकाळपासून एकदम बदल झालाय." हा 'कालपर्यंत' तुझ्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. त्यांचा चष्मा, कानातलं मशीन, कवळी घरी कपाटात जपून ठेवू नका, उशाशी हवं. दिवसा खिडकी उघडी, रात्री दिवा मंद. वाद घालू नकोस, हात धरून आपण कुठं आहोत ते सांगत राहा. कानडीतून सांग, तुला येतं तेवढं पुरे.

पैशांचं बोलू. हा विषय ॲडमिट करतानाच काढायचा, डिस्चार्जच्या दिवशी काढलात तर हात बांधलेले असतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना, जी २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावानं जीवनदायी म्हणून सुरू झाली, तिचं कवच आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत झालंय. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जावईबापूंना पहिल्यांदा तिथं पाठव आणि एकच विचारायला सांग, "हे ऑपरेशन योजनेत बसतं का?" हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं असेल तर आणखी एक दार आहे. उच्च न्यायालयानं २००६ मध्ये ठरवून दिलेल्या योजनेनुसार तिथं १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. तहसीलदारांचा दाखला लागतो आणि तिथल्या समाजसेवकाला भेटावं लागतं. यात लाजायचं काही नाही, ती भीक नव्हे. धाकट्या दिराच्या कंपनीचा विमा वापरणार असाल तर विमा नियामकाचा २०२४ चा नियम ठाऊक असू दे: कॅशलेसची परवानगी तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. "अजून मेल आला नाही" म्हणून दिवसभर बसवलं तर हे शांतपणे काढ.

शांतपणे म्हटलं ते मुद्दाम. मिरजेत नाही तर कुठंही, बाहेरच्या बाकावर बसलेल्या पुरुषांचा पारा कुठल्या क्षणी चढेल सांगता येत नाही. डॉक्टर-नर्सवर हात उगारणं हा महाराष्ट्रात २०१० च्या कायद्यानं अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायद्याचं सोड, ज्या सिस्टरवर दुपारी तुझा दीर ओरडला तीच रात्री आत्याबाईंची सुई बदलायला येणार असते. तक्रार करायची असेल तर जरूर कर, गप्प बसू नकोस. शुश्रूषागृहांचे नियम २०२१ मध्ये सुधारले, त्यात रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी लावायचं बंधन आहे. आत शिरताना भिंतीवर शोध. आजार आणि उपचार आपल्याला कळेल अशा भाषेत समजून घेणं, औषधं बाहेरच्या दुकानातून आणणं, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं, हे सगळं रुग्णहक्कांत येतं. आधी ड्युटीवरच्या सिस्टर इन्चार्जशी बोल, मग निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यांशी, म्हणजे आरएमओंशी, तरीही नाही जमलं तर लेखी दे आणि पोच घे. आणि रागाच्या भरात "आम्ही नेतो आमच्या पेशंटला" म्हणत डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून उठू नका. जायचंच असेल तर दुसरीकडे खाट पक्की करून, कागद हातात घेऊन जा.

संमतीपत्रावर सही करायच्या आधी वाच. इंग्रजीत असेल तर "मराठीत सांगा" म्हण. कुठलं ऑपरेशन, कुठल्या बाजूचं, इम्प्लांट कुठलं आणि केवढ्याचं. बाजू तर स्वतः डोळ्यांनी वाच, उजवी की डावी.

आता तुझं-माझं. मला आपल्या घरांची रीत ठाऊक आहे. सून रात्री थांबते, मुलगा सकाळी येऊन "कसं काय?" विचारतो, लेक फोनवरून सूचना देते आणि बाकीचे नारळपाणी घेऊन येतात, बसतात, "आमच्या मामेसासूला असंच झालं होतं, गेली बिचारी" सांगून जातात. हे तू चालवून घेऊ नकोस. जाऊबाईंशी आणि नणंदेशी आजच बोल, जावईबापूंच्या समोर बोल. रात्रीच्या पाळ्या कागदावर लिहा. डॉक्टरांशी घरातून एकानंच बोलायचं आणि बाकीच्यांना त्यानं कळवायचं, नाहीतर एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं ऐकू येतं. पाळी बदलताना ती वही पुढच्याच्या हातात द्यायची, तोंडी निरोपावर भागवायचं नाही. दिवसातून एकदा तू खाली उतर, जेव, पाठ टेक. न जेवलेली, न झोपलेली सून फार गुणाची दिसते, पण पहाटे सलाईन संपलेलं तिला दिसत नाही.

डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांना घरी जायची घाई असते, तू करू नकोस. कार्ड घेऊन सिस्टरपाशी बस आणि एकेक ओळ वाचून घे. आधीच्या गोळ्यांपैकी कुठल्या चालू, कुठल्या बंद? रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिलेलं औषध किती दिवस? टाके कधी? पायावर भार कधीपासून, वॉकरनं किती? पोटरी सुजली, दम लागला, ताप आला, जखमेतून पाणी आलं तर कुणाला फोन? हाड साध्या पडण्यानं मोडलं म्हणजे हाडं ठिसूळ झालीत, त्यावर काही सुरू करणार का, हेही विचार. नाहीतर वर्षभरात दुसऱ्या बाजूचं मोडायचं. केस पेपरची प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत द्यावी लागते. घरी न्यायच्या आधी कमोडची खुर्ची आणून ठेव, मोरीचा ओला दगड झाकून घे, अंथरूण खाली जमिनीवर नको.

चल, जास्त बोलत नाही. पिशवी आणि वही आजच भर. आणि पाळ्यांच्या कागदावर शनिवार-रविवारच्या रात्री माझं नाव लिही. मी शुक्रवारच्या गाडीनं निघते. त्या दोन रात्री तू घरी जाऊन झोपायचं, आणि हे मी जावईबापूंनाही फोन करून सांगणार आहे.