ग्रामसभा : उच्च प्राथमिक वर्गासाठी एक पाठ

विषयाचे महत्त्व

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ग्रामसभेचा उल्लेख चार-दोन वाक्यांत आटोपतो. मुले व्याख्या पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. वास्तविक नागरिकशास्त्रातील सगळ्या संस्थांमध्ये मुलांच्या घराला सर्वांत जवळची संस्था हीच होय. संसद दिल्लीस आहे, विधानसभा मुंबईस आहे. परंतु ग्रामसभा भरते ती चावडीपुढे, देवळाच्या सभामंडपात किंवा खुद्द शाळेच्या पटांगणात. घरकुल कोणास मिळावे, पाण्याची टाकी कोठे बांधावी, कोणत्या वाडीचा रस्ता आधी करावा, अशा प्रश्नांचा विचार तेथे होतो. हा विचार चार माणसांनी केला तर त्याची फळे चार घरांनाच मिळतात. साऱ्या गावाने केला तर ज्याच्या दारी कोणी जात नाही त्याच्यापर्यंतही ती पोहोचतात. म्हणून हा पाठ केवळ माहितीचा नसून संस्काराचा आहे, हे शिक्षकाने प्रथम ध्यानी घ्यावे.

शिक्षकाने जाणून घ्यावयाची माहिती

स्थानिक स्वराज्याचा पाया आपल्या देशात लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने घातला गेला, असे मानतात. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४० व्या अनुच्छेदात ग्रामपंचायती स्थापन करण्याचे तत्त्व नमूद झाले. आपल्या भागासाठी ग्रामपंचायतींचा कायदा १९५८ साली झाला. बलवंतराय मेहता समितीचा अहवाल १९५७ मध्ये आला; पुढे महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा होऊन १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामास लागल्या. तथापि ग्रामसभेस घटनेत स्थान मिळाले ते ७३ व्या घटनादुरुस्तीने. ही दुरुस्ती १९९२ ची असून २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. ग्रामीण गृहनिर्माण, पिण्याचे पाणी, रस्ते, प्राथमिक शिक्षण, आरोग्य व स्वच्छता हे त्यांपैकी काही होत.

ग्रामसभा आणि ग्रामपंचायत यांत मुलांचा नेहमी घोटाळा होतो. ग्रामपंचायत म्हणजे निवडून दिलेल्या पंचांचे मंडळ. ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदारयादीत ज्यांची नावे आहेत त्या सर्व स्त्रीपुरुषांची सभा. पंच पाच वर्षांनी बदलतात. ग्रामसभेचा सभासद मात्र मतदारयादीत नाव असेतोवर सभासदच राहतो. त्यास कोणी निवडून द्यावे लागत नाही आणि कोणी काढूनही टाकू शकत नाही.

कायद्याप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा भरविल्या पाहिजेत. सभेची सूचना सात दिवस आधी द्यावयाची असते व गावात दवंडीही द्यावी लागते. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार हजर असावे लागतात. नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र महिला सभा घ्यावयाची असते. तिचा हेतू उघड आहे. जी गोष्ट चारचौघांत सासरे-दीरांसमोर बोलता येत नाही, ती आधी आपापसांत बोलता यावी आणि मग ती एकीचे गाऱ्हाणे न राहता सर्वजणींचे मत म्हणून सभेपुढे यावी. सभेचे इतिवृत्त ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक, लिहितो. तो हजर नसल्यास सरपंचांच्या सांगण्यावरून गावातील शिक्षकासारख्या कर्मचाऱ्यास ते लिहावे लागते. तेव्हा हा विषय शिक्षकाच्या केवळ शिकवण्याचा नाही, प्रसंगी प्रत्यक्ष करण्याचाही आहे.

घरकुलाची यादी

गावाच्या विचारविनिमयाची खरी कसोटी घरकुलाच्या यादीपाशी लागते. प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग २०१६ साली सुरू झाला. २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणावरून गावोगावच्या याद्या तयार झाल्या. परंतु त्या जशाच्या तशा लागू झाल्या नाहीत. त्या ग्रामसभेपुढे वाचून पडताळावयाच्या, असा नियम ठेवण्यात आला. ज्याचे पक्के घर झाले आहे त्याचे नाव कमी करावयाचे. कमी करण्याचे कारण लिहून ठेवावयाचे. आणि ज्याचे नाव वगळले गेले त्याला वरच्या समितीकडे दाद मागण्याची वाट मोकळी ठेवावयाची. जी कुटुंबे यादीतून मुळातच सुटली होती त्यांच्यासाठी २०१८ पासून ‘आवास प्लस’ नावाचे निराळे सर्वेक्षण झाले.

असे का केले असावे? सर्वेक्षणाचा कागद घराच्या खोल्या मोजतो. परंतु कोणत्या घराची भिंत मागील पावसाळ्यात खचली, कोण चार महिने ऊसतोडीस गेलेला असल्यामुळे मोजणीच्या वेळी सापडला नाही, हे कागदास ठाऊक नसते, गावास ठाऊक असते. मात्र गावाने बोलले पाहिजे. यादी वाचली जात असताना सभा गप्प बसली, तर त्या मौनाची नोंद संमती म्हणूनच होते. खचलेल्या भिंतीचे घर ज्याचे, तो माणूस बहुधा सभेस येत नाही. आला तर मागे उभा राहतो. उभा राहिला तरी बोलत नाही. त्याच्या वतीने बोलणारा एक शेजारी सभेत असणे, यावर त्या घराचा पावसाळा अवलंबून असतो.

घरास जागा नसेल तर प्रश्न आणखी अवघड होतो. गावठाण अपुरे पडते, गायरानावर कोणाची तरी वस्ती झालेली असते. गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार महसूल खात्याचा आहे. ग्रामसभेने ठराव केल्याने ती आपोआप वाढत नाही. तथापि मागणी कागदावर आणण्याचे काम ग्रामसभाच करू शकते.

सूचना ऐकणे आणि निर्णय करणे

येथे एक भेद वरच्या वर्गातील मुलांस समजावून द्यावा. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार एखाद्या शहराचा विकास आराखडा तयार होतो, तेव्हा तो आधी प्रसिद्ध करून नागरिकांच्या ‘हरकती व सूचना’ मागवितात. आपल्या शेतावरून रस्ता जातो, किंवा शाळेसाठी राखलेली जागा भलतीकडे दाखविली आहे, असे कोणास वाटल्यास त्याने ठरलेल्या मुदतीत लेखी कळवावे लागते. त्याचे म्हणणे ऐकून घेतात. निर्णय मात्र दुसरे कोणी करते. ग्रामसभेत लोक स्वतः यादी पडताळतात व गावाच्या वार्षिक विकास आराखड्यास मान्यता देतात. पहिल्या प्रकारात मुदत चुकली की म्हणणे वाया जाते. दुसऱ्यात हजेरी चुकली की हक्क वाया जातो. दोन्हीकडे सूचनाफलक वाचता येणे ही पहिली पायरी होय.

दोन गावांचे दाखले

मुलांपुढे दाखले ठेवावयाचे तर ते आपल्याच राज्यात आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे अवर्षणप्रवण भागातील गाव. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९० च्या सुमारास जलसंधारणाचे काम सुरू झाले. त्या वर्षी किती पाऊस पडला, किती पाणी हाती आहे आणि त्यात कोणती पिके बसतात, याचा ताळेबंद तेथे ग्रामसभेपुढे मांडतात. ऊस-केळीसारखी फार पाणी पिणारी पिके न घेण्याचा आणि सिंचनासाठी विंधन विहिरी न खोदण्याचा निर्बंध गावाने आपण होऊन घालून घेतला. दुसऱ्याने लादलेला नियम मोडण्यात माणसास पुरुषार्थ वाटतो. स्वतः हात वर करून केलेला नियम मोडताना शेजाऱ्याची लाज वाटते. हिवरे बाजारच्या यशाचे बरेचसे मर्म यात आहे.

दुसरे गाव गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा). हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव. येथे निर्णय बहुमताने न करता सर्वसहमतीने करण्याची रीत आहे. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलून पुन्हा चर्चा करतात. वेळ पुष्कळ लागतो. परंतु झालेला निर्णय सर्वांचा असतो. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली या गावास सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि पुढे गावाने आपला बांबू स्वतः विकला.

पाठाची मांडणी

उद्दिष्टे : (१) ग्रामसभा व ग्रामपंचायत यांतील भेद मुलांस स्पष्ट होणे. (२) सभेची सूचना वाचता येणे व ठराव लिहिता येणे. (३) आपले म्हणणे मांडण्याची व दुसऱ्याचे शेवटपर्यंत ऐकण्याची सवय लागणे.

साधने : ग्रामसभेच्या सूचनेची प्रत, गावाचा हाताने काढलेला नकाशा, दोरी, मीटरपट्टी, चुना.

प्रस्तावना : आपल्या गावातील पाण्याची टाकी जेथे आहे तेथेच का बांधली? ते कोणी ठरविले? त्या वेळी तुमच्या घरचे कोणी तेथे होते का? असे प्रश्न विचारावेत. तिसऱ्या प्रश्नास बहुधा उत्तर येणार नाही. तेथूनच हेतुकथनाकडे वळावे.

गणिताशी समन्वय : गावात ६४० मतदार असल्यास गणपूर्ती किती? ६४० चे १५ टक्के ९६. ही संख्या १०० हून कमी, म्हणून ९६. मतदार १,२०० असल्यास १५ टक्के १८०. म्हणून गणपूर्ती १००. यानंतर पटांगणात दोरीने ५ मीटर लांब व ५ मीटर रुंद असा चौकोन आखून त्यावर चुना टाकावा. घरकुलासाठी ठरविलेले किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, ते एवढेच. त्यात चूल कोठे, धान्याची कणगी कोठे, आजीचे अंथरूण कोठे, हे मुलांनी आखून दाखवावे. क्षेत्रफळ म्हणजे काय हे त्यांस फळ्यापेक्षा येथे लवकर कळेल.

मुख्य कृती : वर्गात ग्रामसभा भरवावी. सरपंच, लेखनिक व सभासद नेमावेत. विषय एकच ठेवावा : ‘शाळेतील पिण्याच्या पाण्याचे पिंप कोठे ठेवावे?’ सभेची सूचना आदल्या दिवशी वर्गातील सर्व ओळींस द्यावी. एका ओळीस मात्र मुद्दाम देऊ नये आणि सभेच्या वेळी तिला काही निमित्ताने बाहेर पाठवावे. सभेत ठराव होईल. ती ओळ परत आली की ठराव वाचून दाखवावा. मुले बहुधा एकदम म्हणतील, “आम्हाला कोणी सांगितलेच नाही!” या वाक्यासाठीच सारी कृती आहे. ठराव नियमाने झाला का, त्या ओळीस तो आपला वाटेल का, दूरच्या वाडीवर दवंडी पोहोचली नाही तर काय होते, यांवर चर्चा घ्यावी. नंतर सर्वांस रीतसर सूचना देऊन सभा पुन्हा भरवावी. निर्णय तोच राहिला तरी मुलांच्या चेहऱ्यांत फरक दिसेल.

बाहेर ठेवावयाची ओळ निवडताना विशेष काळजी घ्यावी. ज्या मुलांना गावात एरवीही बाहेर ठेवले जाते त्यांना या खेळात पुन्हा बाहेर ठेवू नये. ज्यांच्या घरी निमंत्रण नेहमी पहिले जाते, त्यांनाच एक दिवस ते न मिळण्याचा अनुभव यावा.

फलकलेखन : ‘ठराव क्र. १. विषय – . सूचक – . अनुमोदक – . ठराव सर्वानुमते / बहुमताने मंजूर.’ लेखनिकाने लिहिलेले सभेत वाचून दाखवावे. मगच सह्या घ्याव्यात. कोऱ्या पानावर सही करू नये, हा नियम मुलांकडून तीनदा म्हणवून घ्यावा. लिहिण्याआधी केलेली सही ही पुढे कोणत्याही ठरावाखाली जाऊ शकते.

स्वाध्याय : (१) पंचायतीच्या फलकावरील एक सूचना वहीत उतरवून ती घरातील मोठ्या माणसांस वाचून दाखवा. (२) यापूर्वीच्या महिला सभेस आई किंवा आजी गेली होती का, नसल्यास का, हे विचारून पाच ओळी लिहा.

घ्यावयाची सावधगिरी

खऱ्या घरकुल यादीतील नावे वर्गात घेऊ नयेत. ज्याच्या घराचे नाव वगळले गेले ते मूल समोरच बसलेले असू शकते. गावातील तट, पक्ष व निवडणुका यांपासून पाठ दूर ठेवावा. शिक्षकाने कोणत्याही बाजूचा कैवार घेतला असे दिसले की त्याचा शब्द अर्ध्या गावास परका होतो. नियम सांगावा, रीत शिकवावी, निष्कर्ष मुलांवर सोडावा.

समारोप

या पाठाचे मूल्यमापन उत्तरपत्रिकेवर पूर्ण होत नाही. पुढल्या ग्रामसभेची सूचना फलकावर लागेल, तेव्हा एखादी मुलगी दप्तर खाली ठेवून ती वाचील आणि घरी जाऊन, “आई, सोमवारी बायकांची सभा आहे, घरांची यादी वाचणार आहेत,” असे सांगेल. ती आई अक्षरशत्रू असेल, तिने आजवर सभेचे तोंड पाहिले नसेल. त्या सोमवारी ती गेली, मागे का होईना उभी राहिली, आणि शेजारणीच्या खचलेल्या भिंतीविषयी एक वाक्य बोलली, तर पाठ सफल झाला असे समजावे.