लेहला पोहोचल्यावर श्वास का बदलतो?



उन्हाळा लागला की आपल्यापैकी बरेच जण चंदीगडहून विमानाने लेहला जातात. चंदीगड समुद्रसपाटीपासून साधारण ३२० मीटर उंचीवर आहे, तर लेह साडेतीन हजार मीटरवर. विमान तासाभरात तिथे उतरते. सामान खोलीत टाकून लगेच बाहेर पडावेसे वाटते, आणि "मी रोज प्राणायाम करतो, मला काही होणार नाही," असे कुणीतरी हमखास म्हणते. त्या वाक्यामुळेच हा लेख लिहावासा वाटला.

लेहच्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीच्या मानाने तो सुमारे दोन-तृतीयांश उरतो. त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर रक्तात मिसळणारा ऑक्सिजन कमी पडतो. ही उणीव कोण ओळखते? जबड्याखाली, मानेच्या एका बाजूला हलकेच बोट ठेवून पाहा. (दोन्ही बाजू एकदम दाबू नका, चक्कर येऊ शकते.) तिथे जी नाडी लागते, ती मेंदूकडे रक्त नेणाऱ्या रोहिणीची. ही रोहिणी वर जाऊन दोन शाखांत विभागते आणि त्या फाट्यावर तांदळाच्या दाण्याएवढा एक इवलासा अवयव असतो. त्याचे नाव कॅरोटिड बॉडी. वजनाच्या मानाने त्याला मिळणारे रक्त शरीरातील बहुतेक सर्व अवयवांपेक्षा जास्त असते. रक्तातला ऑक्सिजन घटला की त्याच्या पेशी उत्तेजित होतात, नवव्या मस्तिष्क-चेतेतून मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेला संदेश जातो, आणि तिथले श्वसनकेंद्र श्वासपटलाला अधिक काम करायला लावते. आपल्याला यातले काहीच जाणवत नाही. या अवयवाचे श्वसनातील कार्य दाखवून देणारे बेल्जियमचे शास्त्रज्ञ कॉर्नेल हेमान्स यांना १९३८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. हा पहारेकरी उशिरा ओरडतो. ऑक्सिजन थोडासा घटला तर तो जवळजवळ गप्पच असतो. बराच खाली गेल्यावर मात्र जोरात हाका मारू लागतो. रोजच्या श्वासावर खरी सत्ता चालते ती कार्बन डायऑक्साइडची. श्वास रोखल्यावर जी घुसमट होते, ती मुख्यतः ऑक्सिजन संपल्यामुळे होत नाही, कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते. लंबमज्जेजवळच्या पेशी त्यामुळे वाढणारी आम्लता टिपतात आणि श्वास घ्यायला भाग पाडतात.

आता लेहमध्ये काय होते ते पाहा. कॅरोटिड बॉडी म्हणते, श्वास वाढव. श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि रक्त किंचित अल्कधर्मी होते. मग लंबमज्जा म्हणते, पुरे, श्वास कमी कर. एकाच चेतासंस्थेतून दोन उलट आज्ञा निघतात! हा तिढा सोडवतात मूत्रपिंडे. ती जादा बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून जमाखर्च जुळवतात (वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने मला ही उपमा सुचली). पण हा हिशेब तासाभरात होत नाही, त्याला काही दिवस लागतात. जसजसा तो जुळतो, तसतसा ब्रेक सैल होतो आणि श्वास पुरेसा वाढतो. पहिले दोन दिवस विश्रांती घ्या असे लेहमध्ये सांगतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

आपल्या सैनिकांनी याची मोठी किंमत मोजली आहे. १९६२ च्या युद्धात चंदीगडच्या विमानतळावरून लडाखला रणगाडेसुद्धा विमानाने पोहोचवले गेले. मैदानी भागातले जवान एकदम उंचावर गेले. पुढे लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांच्या पर्वतीय आजाराचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. तरुण आणि धडधाकट माणसेही या आजारातून सुटत नाहीत.

मग प्राणायामाचे काय? लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासणारे स्वामी कुवलयानंद यांनीही प्राणायामाचे मोल जादा ऑक्सिजनमध्ये शोधले नव्हते. सरावाने कुंभक लांबतो, कारण घुसमट सहन करण्याची ताकद वाढते. ही ताकद साधनेत मोलाचीच आहे. पण घुसमट सोसता येणे म्हणजे ऑक्सिजन पुरेसा असणे नव्हे. म्हणून लेहला पोहोचल्यावर पहिले काही दिवस दीर्घ कुंभक आणि जोराची भस्त्रिका बाजूला ठेवा, शांत बसून नामस्मरण करा. आणि एरवीही, कुठल्याही घाटावर, भरभर श्वास घेऊन लगेच पाण्यात बुडी मारू नका. कार्बन डायऑक्साइड आधीच निघून गेल्याने श्वासाची हाक येतच नाही, आणि ती येण्यापूर्वीच शुद्ध हरपू शकते.

रात्री शेजारी झोपलेल्या साधकाचा श्वास काही सेकंद थांबला आणि मग खोल श्वास सुरू झाले, तर घाबरू नका. त्या दोन आज्ञांची ही ओढाताण आहे. मात्र डोकेदुखी वाढत गेली, चालताना तोल गेला, बसल्या जागी धाप लागली, तर "थोडे सहन करू" असे म्हणू नका. सेवाप्रमुखांना लगेच सांगा आणि रुग्णालय गाठा. एरवी अशा वेळी खाली उतरणे हा सर्वांत खात्रीचा उपाय, पण लेहहून श्रीनगरच्या रस्त्याने खाली यायचे म्हटले तरी आधी फोटू ला ही चार हजार मीटरहून उंच खिंड चढावी लागते.