खोटे ठरण्याची तयारी

१९१९ साली व्हिएन्ना शहरात कार्ल पॉपर (१९०२–१९९४) हे तरुण मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलर यांच्याकडे मुलांमध्ये काम करीत होते. एकदा त्यांनी एका मुलाची हकीकत सांगितली. अ‍ॅडलर यांनी त्या मुलाला न पाहताच तिचा आपल्या सिद्धान्तानुसार उलगडा केला. कोणतीही हकीकत घ्या, सिद्धान्त लागू पडतोच! पॉपर यांना हे खटकले.

त्याच वर्षी २९ मे रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. सूर्याच्या कडेवरून येणारा ताऱ्याचा प्रकाश सुमारे १.७५ विकला वळेल, असे आइन्स्टाइन यांचे भाकीत होते (१ अंश म्हणजे ३६०० विकला). छायाचित्रांतून निराळा आकडा निघाला असता तर त्यांचा सिद्धान्त अडचणीत आला असता. तसे झाले नाही. पण पॉपर यांना मोल वाटले ते या धोका पत्करण्याचे. ज्याचे खंडन संभवतच नाही ते विधान वैज्ञानिक नव्हे, असे त्यांनी १९३४ च्या ग्रंथात मांडले. ‘प्रयत्न केल्यास यश मिळेल’ हे भविष्यच पाहा ना! नापास झालात, तर प्रयत्न कमी पडले.

मात्र ही कसोटी घाईने लावू नये. युरेनस गणिताप्रमाणे फिरेना, म्हणून न्यूटनचे नियम कोणी टाकून दिले नाहीत. एखादा अज्ञात ग्रह त्याला ओढीत असावा, असे मानून लव्हेरिए यांनी त्या ग्रहाची जागा गणिताने काढली आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना नेपच्यून दिसला. ही पळवाट नव्हती. दुर्बीण कोठे रोखावी हे लव्हेरिए यांनी आधीच कळविले होते, आणि तेथे काहीच न दिसण्याचाही संभव होता.