बाण नाचतोय? आधी चार्जर काढून पाहा

मिरचीच्या हंगामात धर्माबादच्या एका आडतीवर बसलो होतो. भिंतीला लाल कट्ट्यांची थप्पी, हवेत ठसका, आणि मुनीम लॅपटॉपवर एका शेतकऱ्याची हिशोबपट्टी करत होते. वजनाचा आकडा टाकता टाकता कर्सर टुणकन उडाला आणि उरलेले आकडे हमालीच्या रकान्यात जाऊन बसले. शेतकऱ्याने मुनिमाकडे पाहिलं, मुनिमाने लॅपटॉपकडे. "पॅड लई हळवं झालंय," ते म्हणाले. "एकाला दाखवलं, तर बावीसशे सांगितले."

मी बोर्डातून चार्जर उपसला. बाण जागच्या जागी शांत झाला. चार्जर लावला, की पुन्हा नाचायला लागला. बिघाड लॅपटॉपात नव्हताच, दुकानाच्या वायरिंगमध्ये होता.

म्हणून दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढण्याआधी हे एक मिनिटाचं काम करा. चार्जर काढून लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर चालवा. बाण सुधारला तर टचपॅडवर एक रुपयाही घालवू नका. असं का होतं, ते समजून घ्यायला हवं. टचपॅडच्या गुळगुळीत पृष्ठभागाखाली विद्युत् वाहकांची बारीक जाळी असते. बोट जवळ आलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो आणि तो बदल मोजून बोट कुठे आहे ते यंत्राला कळतं. दाब मोजला जात नाही. म्हणूनच नुसतं टेकलेलं मनगटही त्याला बोट वाटू शकतं. आता चार्जरमधून थोडा विद्युत् गोंगाट नेहमीच गळत असतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर लॅपटॉपच्या अंगात फिरत राहतो आणि पॅडला नसलेली बोटं दिसू लागतात. धातूच्या लॅपटॉपवर हात फिरवला की झिणझिण्या येतात, त्या याच गळतीच्या. आपल्याकडे जुन्या घरांत आणि गाळ्यांत तीन भोकांचा बोर्ड दिसतो खरा, पण वरच्या मोठ्या भोकाला मागून वायरच जोडलेली नसते. काही जण तर तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीत कोंबतात, म्हणजे अर्थिंग आपल्याच हातांनी तोडतात.

खर्च? बोर्डापर्यंत अर्थिंग आलेलं असेल आणि फक्त सुटलेलं असेल तर सॉकेट आणि वायरमनची मजुरी मिळून अडीचशे ते चारशेत भागावं. अर्थिंगच नसेल तर खड्डा, पट्टी, मीठ-कोळसा असं सगळं करताना दोन-चार हजार जातात. पण ते लॅपटॉपसाठी नाही. फ्रीज आणि मोटरसाठीही ते करायचंच असतं. चार्जर नकली असेल तर मात्र दोष त्याचाही असू शकतो. दुसऱ्या कुणाचा त्याच कंपनीचा अस्सल चार्जर तासभर मागून आणा आणि लावून बघा. ही परीक्षा फुकट आहे.

चार्जर काढूनही बाण उड्या मारत असेल तर सेटिंगकडे वळा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, मग टचपॅड. विंडोज १० मध्ये ब्लूटूथच्या जागी नुसतं डिव्हायसेस. तिथे टचपॅड सेन्सिटिव्हिटी नावाची यादी आहे: मोस्ट सेन्सिटिव्ह, हाय, मीडियम, लो. बहुतेकांना वाटतं की हा बाणाचा वेग आहे. वेगाची पट्टी वेगळी असते. ही यादी टायपिंगच्या वेळच्या चुकून झालेल्या स्पर्शांशी जोडलेली आहे: कळ दाबल्यावर पॅडने किती वेळ बहिरं राहायचं, ते इथे ठरतं. 'लो' ठेवलं की अंगठ्याचा किंवा तळव्याचा चुकून झालेला स्पर्श यंत्र अधिक कानाआड करतं. आकडे आणि मराठी मजकूर सतत टाइप करणाऱ्याने हेच ठेवावं.

त्याच पानावर 'टॅप विथ अ सिंगल फिंगर टू सिंगल-क्लिक' असा चौकोन आहे. त्यातली खूण काढा. मग नुसतं टेकून क्लिक होत नाही, पॅडचा कोपरा खाली दाबावा लागतो. पहिले दोन दिवस बोटं कुरकुर करतात, पण टाइप करताना कर्सर भलत्याच ओळीत जाण्याचा त्रास माझ्या पाहण्यात सगळ्यांत जास्त वेळा एवढ्यानेच गेला आहे. हा पर्याय तुमच्या यंत्रात दिसतच नसेल तर टचपॅडचा ड्रायव्हर जुना किंवा वेगळा आहे. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवा. 'मोफत ड्रायव्हर अपडेट' म्हणून मिरवणाऱ्या भलत्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. आणि त्रास एखाद्या अपडेटनंतरच सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ड्रायव्हरवर 'रोल बॅक' मिळतं का ते पाहा.

उन्हाळ्यात घामाचा ओला हातही पॅडला गोंधळात टाकतो. लॅपटॉप बंद करा, किंचित ओलसर केलेल्या मऊ फडक्याने पॅड पुसा, कोरडं करा. मिरची हाताळलेल्या बोटांचं तेलही त्यावर बसतं. पाणी थेट शिंपडायचं नाही, हे सांगायला नको. तरी सांगतो, कारण पाहिलंय.

इतकं करूनही फरक नसेल तर साधा वायरचा माऊस आणा. अडीचशे ते चारशेत मिळतो. टचपॅडच्या पानावर 'लीव्ह टचपॅड ऑन व्हेन अ माऊस इज कनेक्टेड' यातली खूण काढली की माऊस लावताच पॅड झोपतं. आता दहा मिनिटं टाइप करा. बाण तरीही उडाला तर दोष पॅडचा नाही. सॉफ्टवेअरचा किंवा आतल्या दुसऱ्या कशाचा आहे, आणि पॅड बदलून काहीच होणार नाही. बाण शांत राहिला तर पॅडच दोषी. पण आडतीवर किंवा दुकानात टेबलावर ठेवलेल्या लॅपटॉपला माऊस कायमचा लावून काम भागत असेल तर मी तरी तिथेच थांबेन.

एकच प्रकार मात्र असा आहे की तिथे वाट पाहायची नाही. लॅपटॉप सपाट फरशीवर ठेवा. डुगडुगतो का? पॅडची एक कड वर आली आहे, फट दिसते, क्लिक घट्ट झालंय किंवा आपोआप होतंय? अनेक लॅपटॉपांत बॅटरी बरोबर पॅडच्या खाली असते. ती फुगली की पॅडला खालून ढकलते आणि पॅड 'हळवं' झाल्यासारखं वागतं. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, पॅड आत दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. फुगलेल्या बॅटरीला टोक लागलं तर पेट घेऊ शकते. अशा वेळी खर्च बॅटरीचा: साधारण दोन ते साडेचार हजार, मॉडेलप्रमाणे. पॅड बहुतेक वेळा नवीन बॅटरी बसताच सरळ होतं. म्हणून कुणी मागचं झाकण न उघडता पॅडचा भाव सांगत असेल तर आधी बॅटरी दाखवायला सांगा. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. ती ई-कचरा घेणाऱ्याकडे किंवा बॅटरी बदलणाऱ्याकडेच द्या.

पॅड खरंच गेलं असेल तर सुट्या भागाचे हजार ते अडीच हजार आणि मजुरीचे तीनशे ते सहाशे धरून चाला; पातळ, महागड्या यंत्रात हे सहज दुप्पट होतं. काही वेळा फक्त आतली पट्टीसारखी वायर सैल झालेली असते, तेव्हा मजुरीवरच सुटका होते. लॅपटॉप वर्षाच्या आतला असेल तर गावात उघडूच नका. तळाचा सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी पाहा. कुणी स्क्रू फिरवला की दावा करताना वाद घालत बसावं लागतं.

अधिकृत सेवा केंद्रासाठी धर्माबादकराला दोन दिशा आहेत. उमरी, मुदखेड ओलांडून नांदेड, किंवा बासर आणि मग गोदावरी ओलांडून निजामाबाद. निजामाबाद जवळ पडतं, पण राज्य वेगळं, म्हणून पुढे भांडण झालं तर काय, अशी धास्ती लोकांना असते. ती नसावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. म्हणजे लॅपटॉप निजामाबादला दुरुस्त केला तरी दाद नांदेडच्या आयोगाकडे मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करून पाहा. बरेच वाद तिथेच मिटतात.

मात्र हे सगळं कागदावर उभं राहतं. यंत्र देताना जॉब शीट घ्या आणि त्यावर 'चार्जर लावल्यावर बाण नाचतो' किंवा 'टाइप करताना कर्सर उडतो' असं आपल्या शब्दांत लिहून घ्या. नुसतं 'टचपॅड प्रॉब्लेम' चालवून घेऊ नका. तपासणीचं शुल्क किती आणि दुरुस्ती केली तर ते बिलात वळतं होतं का, हे आधीच विचारा. काढलेला जुना भाग परत मागा. बिल जीएसटीसह हवं म्हणालात तर रक्कम १८ टक्क्यांनी वाढेल, पण नवीन भाग महिन्याने रुसला तर हातात तेवढंच असतं. हिशोबपट्ट्यांची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन मगच यंत्र सोडा.

मुनिमांनी दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावलं. बोर्ड उघडला तर अर्थिंगची हिरवी वायर तिथपर्यंत आलेली होती. टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळून कुणीतरी ती मागेच कोंबून ठेवली होती.